कुंडींतील स्प्रूस वृक्षाचें एक वर्ष

नाताळचा सण जवळ आला म्हणजे घरोघरीं जीं शुभेच्छापत्रें येऊं लागतात, त्यांवर बर्फानें वांकलेलें, खालीं पसरट व वर निमुळतें होत गेलेलें एक झाड बहुधा काढलेलें असतें. तें झाड आपल्याकडे मिळत नाहीं, म्हणून आपण सुरूची फांदी आणून तिला चांदण्या व दिवे लावतों आणि तेवढ्यावर समाधान मानतों. सुरूचा व त्या झाडाचा वस्तुतः कांहींच संबंध नाहीं. सुरूचीं जीं आपण पानें समजतों, त्या खरें पाहतां बारीक सांध्यांच्या डहाळ्या होत. खरीं पानें त्या सांध्यांभोंवतीं खवल्यांसारखीं चिकटलेलीं असतात व तीं नीट दिसावयास भिंग लागतें. चित्रांतील झाड मात्र देवदार आणि पवित्र शास्त्रांतील गंधसरू यांच्या कुळांतलें आहे. त्याला इंग्रजींत स्प्रूस म्हणतात. मराठींत त्यास रूढ नांव नसल्यामुळें आम्हीही तेंच वापरणार आहों. थंड देशांच्या अरण्यांत हा वृक्ष शंभर फूट उंच वाढतो. परंतु या लेखांत आम्हांस ज्या स्प्रूसविषयीं सांगावयाचें आहे, तो हातभर उंचीचा असून एका उथळ कुंडींत राहतो.

झाडें उथळ कुंडींत लहान ठेवून त्यांस रानांतल्या जुन्या वृक्षाचें रूप आणण्याची कला चीन देशांत उदय पावली व तेथून ती जपानांत गेली. तिचें जपानी नांव बोन्साई. ‘बोन’ म्हणजे तबक आणि ‘साई’ म्हणजे लावणें. या कलेची हकीकत ऐकतांच पुष्कळांच्या मनांत असें येतें कीं, हा झाडाचा निव्वळ छळ आहे. त्याला उपाशी ठेवून, त्याचीं मुळें तोडून, त्याला खुजें केलेलें आहे. वर्गांत हा विषय काढला तर निम्मा वर्ग याच बाजूस उभा राहील अशी आमची खात्री आहे. परंतु उपाशी झाड कसें असतें तें पाहावयाचें असेल तर जपानांत जाण्याचें कारण नाहीं. एखाद्या पडक्या वाड्याच्या भिंतींत किंवा किल्ल्याच्या तटाच्या फटींत उगवलेला पिंपळ पाहावा. वर्षानुवर्षें तेथें असून तो वीतभर असतो. दोनचार पानें धरतो, उन्हाळा आला कीं तींही टाकतो. बोन्साईची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला रानांतल्या झाडापेक्षां नियमानें खत मिळतें, नियमानें पाणी मिळतें, त्याचीं पानें गर्द असतात आणि दर वसंतांत त्याला भरपूर पालवी फुटते. तो लहान राहतो याचें कारण इतकेंच कीं, वर फुटलेली पालवी ठराविक वेळीं खुडली जाते आणि खालीं वाढलेलीं मुळें ठराविक वर्षांनीं छाटलीं जातात. दोहोंचा तोल माळी आपल्या हातीं ठेवितो.

मात्र त्या आक्षेपांत एक अंश खरा आहे, आणि तो सोडून दिला तर या विषयाचें मर्मच हातचें जाईल. रानांतल्या झाडाला तहान लागली तर तें आपलीं मुळें चार हात पुढें घालूं शकतें. कुंडींतल्या झाडाला ती सोय नाहीं. त्याचें जगणें सर्वस्वीं दुसऱ्याच्या हातीं गेलेलें असतें. त्यांतून स्प्रूसचा स्वभाव असा कीं, तो तक्रार करीत नाहीं. आपल्या तुळशीला पाणी मिळालें नाहीं तर दुपारपर्यंत तिचीं पानें माना टाकतात व घरच्या माणसांच्या तें ध्यानांत येतें. स्प्रूसचीं पानें सुईसारखीं ताठ असतात. तीं माना टाकीत नाहींत. मुळें वाळून गेलीं, झाड खालून मेलें, तरी पुढें कित्येक आठवडे तें हिरवेंच दिसतें. नाताळासाठीं तोडून दिवाणखान्यांत उभें केलेलें झाड नव्या वर्षापर्यंत हिरवें राहतें तें याच गुणामुळें. पानें पिवळीं पडूं लागलीं म्हणून जो झारी घेऊन धांवतो, तो महिनाभर उशिरा आलेला असतो. म्हणून या झाडाची निगा म्हणजे त्याच्याकडे पाहून करावयाचें काम नव्हे. त्याला पुढें काय लागणार हें ऋतु पाहून आधींच ओळखण्याचें काम आहे.

जपानच्या उत्तर टोकास होक्काइदो नांवाचें मोठें बेट आहे. त्याचें जुनें नांव एझो. तेथें व त्याच्या शेजारच्या कुनाशिरी बेटावर स्प्रूसच्या दोन जाती आढळतात. त्यांस जपानी लोक एझो-मात्सु, म्हणजे एझोचा पाइन, म्हणतात. झाड पाइन नव्हे. पण लोकांनीं ठेविलेल्या नांवांवर वनस्पतिशास्त्रज्ञांची सत्ता चालत नाहीं. कुंडीसाठीं यांपैकीं तांबूस छटेची, अगदीं आखूड पानांची जात विशेष पसंत पडली. कुनाशिरीच्या दलदलींत उन्हाळा थोडा, बर्फ फार आणि समुद्रावरचा वारा अखंड. तेथें ओल्या शेवाळांत रुजलेला स्प्रूस कित्येक दशकें जगूनही माणसाच्या कमरेस लागत नाहीं. मनुष्यानें कुंडींत जें करावयाचें तें तेथें वाऱ्यानें व बर्फानें आधींच करून ठेविलेलें असतें.

१९२३ सालच्या १ सप्टेंबर रोजीं झालेल्या भूकंपानें व मागून लागलेल्या आगीनें तोक्यो शहराची धूळधाण झाली. तेव्हां तेथील बोन्साईच्या माळ्यांपैकीं कांहीं जण मोकळी जागा व स्वच्छ पाणी शोधीत उत्तरेस ओमिया येथें गेले आणि १९२५ सालीं त्यांनीं तेथें एक वसाहतच उभारली. तिला बोन्साई-ग्राम म्हणतात. तिचे आरंभींचे नियम मोठे मौजेचे आहेत. येथें राहणाऱ्यानें निदान दहा कुंड्या बाळगाव्या, आपलें फाटक येणाऱ्याजाणाऱ्यास खुलें ठेवावें, घर दुमजली बांधूं नये आणि कुंपण सजीव झाडांचें असावें. दुमजली घराची सावली शेजाऱ्याच्या कुंड्यांवर पडेल, ही गोष्ट नियम करणारांच्या ध्यानांत असावी असें आम्हांस वाटतें. याच गांवीं मान्सेइ-एन नांवाच्या बागेचे तोमेकिची कातो यांनीं कुनाशिरीच्या स्प्रूसला बोन्साईंत मानाचें स्थान मिळवून दिलें, आणि त्यांचे चिरंजीव साबुरो कातो (१९१५–२००८) यांनीं आयुष्यभर त्या झाडाचा अभ्यास केला. १९८९ सालीं ओमिया येथें बोन्साईचें पहिलें जागतिक संमेलन भरलें, तेव्हां स्थापन झालेल्या जागतिक मैत्री-संघाचे हे साबुरो कातो पहिले अध्यक्ष होत.

१९४५ सालीं कुनाशिरी बेट सोव्हिएट सैन्यानें घेतलें. तें आजही रशियाच्या ताब्यांत असून जपान त्यावर आपला हक्क सांगत आहे. तेथून झाडें आणणें त्या वर्षींच बंद पडलें. म्हणून जपानी बागेंत कुनाशिरीचा म्हणून जो जुना स्प्रूस आज दाखविला जातो, तो त्यापूर्वीं आलेला असतो. म्हणजे तरुण माळी सैन्यांत गेले, अन्नाची भ्रांत पडली आणि कुंडींतलें झाड ही चैन वाटूं लागली, त्या वर्षांतही कोणी ना कोणी त्याच्यावर झारी धरीत होतें. युद्धापूर्वीं ओमियांत सुमारें तीस बागा होत्या. आज त्यांतल्या मोजक्याच उरल्या आहेत.

आतां या झाडाचें वर्ष पाहूं. आपण वर्ष चैत्रापासून मोजतों. स्प्रूसचें वर्ष मात्र थंडीपासून मोजलेलें बरें, कारण पुढचें सर्व तिच्यावर अवलंबून असतें. शरदांत दिवस लहान होऊं लागले कीं झाड वाढ थांबवितें आणि प्रत्येक डहाळीच्या टोंकास तपकिरी खवल्यांनीं बंद केलेली एक कळी बसवितें. त्या कळींत पुढच्या वर्षाची पालवी घडी करून ठेविलेली असते. तिला उमलण्यासाठीं नुसती ऊब पुरत नाहीं. तिच्यावरून आधीं कित्येक आठवड्यांची थंडी जावी लागते. ही थंडी न मिळाल्यास कळ्या अर्धवट उमलतात, कांहीं मुळींच उमलत नाहींत, आणि विश्रांतीवांचून जागें राहिलेलें झाड सांठविलेली साखर खर्च करीत वर्षा-दोन वर्षांत थकून मरतें. पुण्यास जानेवारींत एखादी रात्र आठ-दहा अंशांपर्यंत उतरते खरी, परंतु दुसऱ्या दिवशीं दुपारीं पारा तिसाच्या आसपास असतो. असली थंडी स्प्रूसच्या खिजगणतींत नाहीं. मग मुंबई, रत्नागिरी, गोवें यांची गोष्ट बोलावयासच नको. तेव्हां परदेशांतून असें रोपटें मागविण्याचा मोह कोणास झाल्यास तो त्यानें आवरावा, हें आम्ही स्पष्टपणें सांगून ठेवितों. आपल्या हवेंत कुंडींत वाढवावयास वड, पिंपळ, उंबर आहेत. ते आनंदानें वाढतात.

ओमियांत थंडी पुरेशी पडते. तेथें भय निराळें आहे. जमिनींत उभ्या असलेल्या झाडाच्या मुळांवर मातीचें जाड पांघरूण असतें. कुंडींतल्या मुळांस गारठा चहूंकडून लागतो, आणि मुळें फांद्यांइतकीं काटक नसतात. शिवाय त्या प्रांतांत हिंवाळ्यांत उत्तरेकडून काराक्काझे नांवाचा कोरडा वारा वाहतो. कुंडी गोठलेली, वर लख्ख ऊन आणि त्यांत हा वारा, असा योग आला म्हणजे पानांतील ओल उडून जाते, आणि गोठलेलीं मुळें तिची भरपाई करूं शकत नाहींत. सभोंवार बर्फ असतां झाड तहानेनें मरतें. म्हणून माळी कुंड्या वळचणीखालीं आणतात, कांठापर्यंत मातींत पुरतात, किंवा मुरो नांवाच्या ठेंगण्या खोलींत ठेवितात. या खोलींत वारा येत नाहीं, पण ऊबही केलेली नसते. कनवाळूपणानें झाडाला शेगडी पेटलेल्या दिवाणखान्यांत आणणारे लोक असतात, आणि त्यांच्या हातून वाऱ्यापेक्षां अधिक झाडें दगावतात. पाणी या दिवसांत थोडें लागतें, पण मुळींच नको असें नव्हे; माती सुकूं लागली कीं सकाळीं ऊन चढल्यावर घालावें. बर्फ पडलें तर मातीवर राहूं द्यावें, फांद्यांवरचें जड झालें तर हलक्या हातानें झाडावें.

मार्चच्या सुमारास, कळ्या फुगूं लागण्याच्या बेतांत असतां, कुंडी बदलण्याचें काम निघतें. तें दरसाल करावयाचें नसतें. तरुण झाडास तीन वर्षांनीं, जुन्यास पांच किंवा त्याहून अधिक वर्षांनीं पुरतें. झाड उचलून खालची व कडेची माती काडीनें मोकळी करतात आणि लांबलेलीं मुळें कातरतात. परंतु खोडाखालची जुनी माती सर्व धुवून काढणें हें स्प्रूसच्या बाबतींत घातक आहे. त्या मातींत पांढऱ्या तंतूंची एक बुरशी असते. ती मुळांना लपेटून राहते, त्यांना पाणी व क्षार मिळवून देते आणि मोबदल्यांत झाडाकडून साखर घेते. हें जुनें भागीदारीचें दुकान एका दिवसांत मोडून चालत नाहीं. नवी माती म्हणून जपानांत आकादामा, म्हणजे ‘लाल गोळी’, या नांवाची दाणेदार चिकणमाती व कानुमा गांवाकडची हलकी पिंवळसर माती वापरतात. दाणे टिकतात, त्यांतून पाणी वाहून जातें आणि त्यांच्यामधून हवा खेळते. झाड कुंडींत हलूं नये म्हणून तळाच्या भोंकांतून तार ओंवून मुळांचा गड्डा बांधून टाकतात, कारण हलणाऱ्या झाडाचीं कोवळीं मुळें रोज तुटतात.

एप्रिल व मे हे दोन महिने या झाडाच्या वर्षांतले सर्वांत सुंदर आणि माळ्याच्या दृष्टीनें सर्वांत धांदलीचे. कळ्यांवरील तपकिरी टोपी सुटते आणि आंतून फिकट हिरव्या पानांचा, रंगाच्या कुंचल्यासारखा, एक कोंब बाहेर येतो. तो हातास मऊ लागतो. पेराएवढा होण्यापूर्वीं त्याचा वरचा भाग खुडावा लागतो. रीत अशी: डाव्या हाताच्या बोटांनीं कोंबाचें बूड धरावें आणि उजव्या हाताच्या चिमटींत शेंडा घेऊन किंचित् पीळ देत ओढावा, तो आपोआप सुटून येतो, आणि खालीं कांहीं पानें शिल्लक राहतात. घाई केली तर बुडासकट सगळा कोंब उपटून येतो. चार दिवस उशीर केला तर कोंब चिवट होतो व कात्री लावावी लागते. कात्रीनें पानांचीं टोंकें कापलीं जाऊन तीं वर्षभर तपकिरी दिसतात. सर्व कोंब एके दिवशीं तयार होत नाहींत. शेंड्याचे आधीं, बाहेरचे मग, आंतले व खालचे सर्वांत शेवटीं. म्हणून तेंच झाड तीन-चार आठवडे रोज फिरून फिरून पाहावें लागतें. अशक्त डहाळ्यांस हात लावूं नये.

इतकी यातायात कशासाठीं, असें कोणी विचारील. शेंड्याचा कोंब एक द्रव्य खालीं पाठवून खालच्या कळ्यांना दाबून ठेवितो. तो खुडला कीं ताकद खालीं व आंत वळते. एखादें वर्ष हें काम चुकलें तर शेंडा जाडजूड होतो, बाहेरच्या पालवीची सावली पडते आणि आंतल्या बारीक डहाळ्या उन्हावांचून मरूं लागतात. आपल्या वडाची फांदी तोडली तर चार ठिकाणीं नवे कोंब येतात. स्प्रूसचें तसें नाहीं. पानें नसलेल्या जुन्या लांकडांतून त्याला सहसा फुटवा येत नाहीं, त्यामुळें मेलेली डहाळी कायमची गेली. पन्नास वर्षांनीं आकारास आलेली फांदी दोन वसंतांच्या आळसानें जाते, आणि ती परत आणण्याची युक्ति साबुरो कातोंसारख्यांनाही उपलब्ध नव्हती.

जूनमध्यें जपानांतही पावसाळा लागतो. त्या दिवसांत फांद्यांमधून हवा खेळेल अशा बेतानें कुंड्या विरळ मांडतात, याहून अधिक कांहीं नसतें. खरी कसोटी जुलै-ऑगस्टची. ओमियाचा उन्हाळा दमट व कडक असतो, आणि हें झाड मूळचें शेवाळाच्या दलदलींतलें. दुपारच्या उन्हांत त्यावर बांबूची चटई किंवा जाळीचें छप्पर धरतात. पाणी दिवसांतून दोनदां, कधीं तीनदां घालतात, आणि संध्याकाळीं पानांवरही शिंपडतात. त्यामुळें झाडास गारवा मिळतो व लाल कोळी या किड्यास आळा बसतो. हा किडा टांचणीच्या डोक्याहूनही लहान असून पानांतील रस शोषतो. कोरडी, तापलेली हवा त्याला मानवते. फांदीखालीं पांढरा कागद धरून ती टिचकीनें हलवावी. कागदावर पडलेले ठिपके चालूं लागले तर तो आला असें समजावें. पाणी घालावयास शिकण्यासच तीन वर्षें लागतात, अशी एक म्हण जपानी माळ्यांत आहे. आम्हांस ती पूर्वीं अतिशयोक्ति वाटे. परंतु एकाच फळीवरील दोन कुंड्या, एक खोल व एक उथळ, एक वाऱ्याच्या तोंडीं व एक आडोशास, यांची तहान एकसारखी नसते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तीन वर्षें थोडींच म्हणावीं लागतात.

ऊन उतरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरांत मोहरीच्या जातीच्या बियांची पेंड व हाडांचा चुरा यांच्या गोळ्या मातीवर ठेवितात. रोजच्या पाण्याबरोबर त्या झिरपतात. या दिवसांत फांदीच्या बुडाकडचीं जुनीं पानें पिवळीं पडून गळतात. नवशिके त्यानें घाबरतात, पण तें स्वाभाविक आहे.

झाडाचा रस मंदावल्यावर, शरदाच्या अखेरीस, फांद्यांना तार गुंडाळण्याचें काम हातीं घेतात. उत्तरेकडील जुन्या स्प्रूसच्या फांद्या पिढ्यान् पिढ्यांच्या बर्फाच्या ओझ्यानें खालीं झुकलेल्या असतात. कुंडींतल्या लहान झाडास तें वय आणावयाचें तर बर्फाचें काम तारेकडून करून घ्यावें लागतें. स्प्रूसची फांदी लवचिक असल्यामुळें ती सहज वांकते, आणि त्याच कारणानें तार काढतांच पुन्हां वर उठते. एका हंगामानें भागत नाहीं. तार वर्षभर, कधीं अधिक, ठेवावी लागते, आणि फांदी जाड होऊन तार सालींत रुतूं लागली तर ती तुकडे तुकडे करून कापून काढून पुन्हां नव्या जागीं गुंडाळावी लागते. जुनी तार वाचविण्यासाठीं उलट उलगडीत बसलें तर डहाळी मोडते. तार लावलेलें झाड त्या हिंवाळ्यांत अधिक जपावें लागतें.

एझोचा स्प्रूस आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या दृष्टीस पडेल. परंतु त्याचा एक सख्खा भाऊ आपल्याच देशांत आहे. काश्मीरपासून नेपाळपर्यंत हिमालयाच्या उतारांवर, सहासात हजार फुटांच्या वर, तो देवदाराच्या शेजारीं उभा असतो. हिमाचलांत त्याला राई म्हणतात. त्याच्या डहाळ्या वेणीसारख्या खालीं लोंबतात आणि पानें एझोच्या स्प्रूसपेक्षां पुष्कळ लांब असतात. सहलीस शिमल्याकडे किंवा मनालीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तो ओळखण्याची खूण ध्यानांत ठेवावी. एक पान चिमटींत घेऊन फिरवावें; तें चौकोनी असल्यामुळें सहज फिरतें. मग पानें गळालेल्या डहाळीवरून बोट ओढावें. प्रत्येक पान एका लहानशा खुंटीवर बसलेलें असतें, आणि पान गेलें तरी खुंटी राहते, म्हणून डहाळी कानशीसारखी खरखरीत लागते. शेजारच्या फर नांवाच्या झाडाची डहाळी त्या जागीं गुळगुळीत असते, आणि त्याचीं फळें फांदीवर उभीं राहून तेथेंच विसकटतात. राईचीं फळें खालीं लोंबतात आणि पिकल्यावर अखंड गळून पडतात. तीं झाडाखालीं सांपडतील. त्यांपैकीं एखादें आमच्या शाळेच्या वस्तुसंग्रहासाठीं कोणी आणून दिल्यास आम्ही आभारी होऊं.